दुसरा बाण : नैराश्य, स्वीकार आणि औषधोपचार

स्मरणिकेत शाळेच्या यशाची नोंद असते. कोणत्या वर्षी निकाल किती लागला, कोण अधिकारी झाले, कोण परदेशी गेले, हे सारे अभिमानाने लिहिले जाते आणि ते लिहिलेच पाहिजे. परंतु वसतिगृहाच्या हजेरीपटावर काही नावे अशीही असतात, की ज्यांच्यापुढे एके दिवशी ‘शाळा सोडली’ एवढाच शेरा पडतो. त्या शेऱ्यामागचे कारण कोणी लिहीत नाही. अशाच एका नावाचे ऋण आमच्यावर आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या वर्गात एक विद्यार्थी होता. गणितात तल्लख, कबड्डीत चपळ. त्या पावसाळ्यात त्याचे वडील वारले. दिवाळीच्या सुटीनंतर तो परत आला तो निराळाच होऊन. सकाळच्या वंदनेला तो उठेना. ताटातले अर्धे अन्न तसेच राही. पुस्तकाचे एकच पान तासभर उघडे असे. डोके दुखते, एवढीच त्याची तक्रार. आम्ही त्याला समोर उभे केले आणि म्हणालो, “बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, आणि तुला साधे सहाला उठता येत नाही?” त्याने उत्तर दिले नाही. पंधरा दिवसांनी त्याचे मामा आले आणि तो आपली पेटी घेऊन निघून गेला.

पुढे अनेक वर्षांनी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात तो भेटला. मध्यंतरी शासकीय रुग्णालयात त्याने उपचार घेतले होते, शिक्षण पूर्ण केले होते, नोकरीला लागला होता. तो म्हणाला, “सर, तुमच्यावर राग नाही. पण मला उठायचं नव्हतं असं नाही. मला उठता येत नव्हतं.”

‘उठायचे नव्हते’ आणि ‘उठता येत नव्हते’ या दोहोंतील अंतर शिक्षक असून आम्हांला कळले नाही. ते आपल्या घरांत, विहारांत आणि वसतिगृहांत कळावे, यासाठी हा लेख आहे. त्या विद्यार्थ्याची संमती घेऊन आणि त्याचे नाव राखून आम्ही हे लिहीत आहोत.

नैराश्य कशास म्हणावे?

दुःख आणि नैराश्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९२६ साली पुत्र राजरत्न गेला तेव्हा आणि २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या तेव्हा बाबासाहेबांसारखा धीरोदात्त पुरुष शोकाने पार खचून गेला होता. हा शोक होता. तो आजार नव्हे. प्रियजनाच्या वियोगाने रडणे, काही काळ कशातच मन न लागणे, हे मनुष्यत्वाचेच लक्षण आहे.

आजार केव्हा म्हणावा, याची वैद्यकशास्त्राने काही गमके ठरविली आहेत. मन सतत उदास राहणे, किंवा ज्यात पूर्वी गोडी होती त्यातील गोडी नाहीशी होणे, यांपैकी एक तरी लक्षण दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ दररोज, निदान दोन आठवडे टिकते. त्यासोबत झोप व भूक बिघडते, अंगात त्राण उरत नाही, लक्ष एकाग्र होत नाही, हालचाल मंदावते किंवा अस्वस्थ येरझाऱ्या सुरू होतात, आपण कुचकामी व अपराधी आहोत असे वाटू लागते, आणि जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात. अशी अनेक लक्षणे एकत्र येऊन रोजचे व्यवहार थांबू लागले, की तो आजार समजावा. किशोरवयात उदासीपेक्षा चिडचिडच अधिक दिसते. आपल्याकडे पुष्कळ माणसे ‘मी उदास आहे’ असे म्हणतच नाहीत. डोके जड आहे, अंग मोडून येते, छातीत धडधडते, असे सांगतात. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय अशा कारणांनीही तशीच लक्षणे उद्भवू शकतात; म्हणून प्रथम साध्या डॉक्टरांकडून तपासणी करून घेणे शहाणपणाचे.

२०१५-१६ साली बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेने देशातील मानसिक आरोग्याची पाहणी केली. दर वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात केव्हातरी नैराश्याने गाठलेले असते, असे तीत आढळले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांहून अधिक असते. म्हणजे मेळाव्याला दोनशे माणसे जमली तर त्यांत सुमारे दहाजण या वाटेने गेलेले असणार.

दोन सोपी आणि चुकीची उत्तरे

या आजाराविषयी समाजात दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर जुने आहे : पूर्वजन्मीचे पाप, करणी, भानामती, बाहेरची बाधा. बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त साफ नाकारला, कारण गरिबाच्या आणि अस्पृश्याच्या दुःखाचा दोष त्याच्याच माथी मारण्याचे ते साधन होते. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तरीही रात्री गुपचूप बाबाच्या दाराशी जाणारी माणसे आपल्याही वस्त्यांत आहेत, हे मान्य केले पाहिजे.

दुसरे उत्तर नवे आहे आणि ते आपण चळवळीतली माणसेच देतो : “मन घट्ट कर. आपल्या माणसांनी एवढे सोसले, तुला काय झाले?” आम्ही त्या मुलाला हेच उत्तर दिले होते. पहिले उत्तर दोष पूर्वजन्मावर टाकते, दुसरे इच्छाशक्तीवर. परंतु दोन्ही उत्तरांत दोषी ठरतो तो आजारी माणूसच. ज्या बाबासाहेबांचा दाखला देऊन आपण हे बोलतो, ते स्वतः मधुमेहाने पीडित होते, डॉक्टरांचा सल्ला घेत, इन्सुलिन घेत. त्यांच्या इच्छाशक्तीत काही उणे होते, असे कोणी म्हणेल काय?

स्वीकार म्हणजे शरणागती नव्हे

संयुत्त निकायात बाणाचे एक प्रसिद्ध रूपक आले आहे. माणसाला एक बाण लागतो. ती शरीराची वेदना. त्या वेदनेविषयी तो शोक करतो, तळमळतो. तो जणू दुसरा बाण. सुज्ञ माणसालाही पहिला बाण लागतोच. मात्र दुसरा बाण तो स्वतःला लावून घेत नाही, असे तथागत समजावितात.

नैराश्यात दुसऱ्या बाणाचे स्वरूप असे असते : ‘मला उदास वाटते’ हा पहिला बाण. ‘मला असे वाटताच कामा नये, मी दुबळा आहे, मी आईबापांना ओझे झालो’ हा दुसरा. पहिल्या बाणाने झोप उडते, दुसऱ्याने उरलेली शक्तीही संपते. १९८० च्या दशकात अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांनी विकसित केलेली ‘स्वीकार आणि बांधिलकी’ ही उपचारपद्धती याच ठिकाणी काम करते. मनात येणाऱ्या दुःखद भावनेशी झुंज घेण्यात शक्ती न घालविता तिला येऊ द्यावे, तिच्याकडे पाहावे, आणि ती असतानाही आपल्याला जे मूल्यवान वाटते त्या दिशेने एक पाऊल टाकावे, असे तिचे सार आहे. तिच्या नावातच स्वीकाराच्या बरोबरीने बांधिलकी आहे, हे लक्षात घ्यावे.

येथे आपल्या वाचकांच्या मनात प्रश्न उभा राहील, आणि तो रास्तच आहे. ज्यांना शिक्षण, संघटन आणि संघर्ष ही त्रिसूत्री मिळाली, त्यांनी ‘स्वीकार’ कशाला शिकायचा? हजारो वर्षे आपल्याला तेच तर शिकविले गेले! ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनीही विचारले आहे, की सारे जीवन दुःखच असेल तर धम्म माणसाला कोणती आशा देणार? दुःखापुढे मान तुकविणारा धम्म त्यांना नको होता.

आमच्या मते उत्तर महाडला आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याकडे निघालेल्या माणसांनी तहान नाकारली नव्हती. तहान लागली आहे हे मान्य करणे म्हणजे पाण्यावरची बंदी मान्य करणे नव्हे. उलट, तहान मान्य केली म्हणूनच पावले तळ्याकडे वळली. मनाच्या उपचारातील स्वीकार हा असाच आहे. स्वीकारायची असते ती आपली वेदना, आपला आजार; ती ज्या अन्यायातून आली असेल तो अन्याय नव्हे.

कृतीचा मार्ग

नैराश्यातला माणूस म्हणतो, ‘बरे वाटले की कामाला लागेन.’ उपचाराचा अनुभव उलट आहे : थोडे काम आधी सुरू होते, बरे वाटणे मागून येते. माणूस खोलीत बसून राहतो, म्हणून आनंदाचे प्रसंग घटतात. आनंद घटतो, म्हणून तो आणखी बसून राहतो. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडायचे. मात्र कृती लहान हवी. ‘उद्यापासून दहा तास अभ्यास’ हा निश्चय पहिल्याच दिवशी मोडतो आणि दुसरा बाण होतो. ‘उद्या सकाळी तोंड धुऊन अंगणात दहा मिनिटे चालेन’ हा निश्चय पाळता येतो.

ही पद्धत आपल्या शेजारच्या गोव्यात तपासून पाहिली गेली. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ या संस्थेने तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर अभ्यास केला. तो २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. समुपदेशन करणारे लोक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी, स्थानिक माणसे होती. सहा ते आठ बैठकांत त्यांनी रुग्णांना छोट्या कृतींची आखणी करावयास आणि अडचणी सोडवावयास मदत केली. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले. ज्यांना हे समुपदेशन मिळाले नाही त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. प्रशिक्षित कार्यकर्ता, शिक्षक, आशाताई यांच्या हातून किती काम होऊ शकते, हे यावरून दिसते.

किसा गोतमीची कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि ‘मृत्यू अटळ आहे’ एवढे तात्पर्य काढतो. वर्गात ती शिकविताना अलीकडे आम्हांला आणखी काही दिसते. मृत मुलाला उराशी धरून आलेल्या त्या मातेला तथागतांनी प्रवचन दिले नाही, तिला घरोघर पाठविले. मोहरीच्या निमित्ताने ती चालली, दारे ठोठावली, लोकांशी बोलली, त्यांचे दुःख ऐकले. एकटीच दुःखी आहे ही तिची भावना गावात फिरतानाच गळून पडली.

विचारांची उलटतपासणी

तिसरा मार्ग विचारांचा. १९५० च्या दशकात अल्बर्ट एलिस यांनी आणि १९६० च्या दशकात एरन बेक यांनी दाखवून दिले, की घटना आणि भावना यांच्या मध्ये आपला विचार उभा असतो. परीक्षेत नापास झालो ही घटना. ‘मी कायमचा नालायक आहे’ हा विचार. त्यातून येते ती हताशा. हा विचार पुराव्यावर टिकतो काय, हे समुपदेशक रुग्णाकडूनच तपासून घेतो. एका विषयात नापास झालेला सर्व बाबतींत आणि सदासर्वकाळ नालायक ठरतो काय? केवळ परंपरेने आले म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही कालामांना मिळालेली शिकवण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही पद्धत परकी वाटू नये. मात्र मन फारच खोल बुडाले असेल तेव्हा वाद घालण्याचीही शक्ती उरत नाही, आणि तेव्हा औषधाचा आधार लागतो.

औषधांविषयी स्पष्ट बोलू

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला या औषधांची जन्मकथा मोठी लक्षणीय वाटते. १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड नावाचे औषध दिले जात होते; ते घेतल्यावर रुग्णांची मनेही उल्हसित झालेली दिसली. त्याच दशकात स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांना इमिप्रामिनचा नैराश्यावरील गुण आढळला. १९८७ साली अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली आणि तुलनेने कमी त्रासाच्या औषधांचे युग सुरू झाले. ‘मेंदूतले एक रसायन कमी झाले, ते भरून काढले’ इतके हे साधे नाही. पण मध्यम व तीव्र नैराश्यात या औषधांनी अनेकांना लाभ होतो, हे दिसून आले आहे. सौम्य नैराश्यात समुपदेशन आणि दिनचर्या यांनी आरंभ करता येतो. आजार तीव्र असल्यास औषध व समुपदेशन दोन्ही मिळून अधिक गुण येतो.

प्रत्येक घराला ठाऊक असाव्यात अशा काही गोष्टी :

१. गुण येण्यास दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवू शकतात व बहुधा ओसरतात. म्हणून ‘चार दिवस घेतली, उपयोग नाही’ असे म्हणून गोळी सोडू नये.

२. बरे वाटल्यावरही निदान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे लागते. बंद करावयाचे ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

३. नैराश्याच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. सवय लागू शकते ती काही झोपेच्या व चिंतेच्या गोळ्यांची. लोक या दोहोंची गल्लत करतात. आपण कोणती गोळी घेतो, हे डॉक्टरांना विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

४. पंचविशीच्या आतील तरुणांत औषधाच्या आरंभी आत्मघाताचे विचार वाढण्याचा संभव असतो. त्या दिवसांत घरच्यांनी जवळ राहावे.

५. पूर्वी कधी अतिउत्साहाचे, झोपेविना वावरण्याचे दिवस येऊन गेले असतील तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. त्या आजाराचे औषध निराळे असते.

६. दारूने नैराश्य वाढते. पाचवे शील येथे वैद्यकीय सल्ल्याचेही काम करते.

यांतील दुसरा मुद्दा आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आईच्या निधनानंतर आम्ही स्वतः या आजारात सापडलो. वर्गात खडू हाती घेऊन उभे राहावे आणि वाक्य सुचू नये, अशी अवस्था. गोळ्या सुरू झाल्या, दोन महिन्यांत मन सावरले. तेव्हा एका हितचिंतकाने सांगितले, “आपण बुद्धाची माणसे. गोळ्या कशाला? ध्यान करा.” ते आम्हांला पटले, कारण पटवून घ्यावयाचे होते. आम्ही गोळ्या एकदम बंद केल्या. महिनाभरात आजार पहिल्याहून जोरात उलटला आणि दीर्घ रजा घ्यावी लागली. दोष आम्ही त्या हितचिंतकाला देत नाही. विद्यार्थ्यांना पुरावा मागण्यास शिकविणाऱ्या आम्ही त्या वेळी पुरावा मागितला नाही.

धम्म, ध्यान आणि भेसज्ज

औषध घेणे धम्माविरुद्ध आहे काय? भिक्खूच्या चार मूलभूत गरजा विनयाने सांगितल्या आहेत : चीवर, पिंडपात, सेनासन आणि आजारपणातले औषध, म्हणजे भेसज्ज. सर्वस्वाचा त्याग केलेल्या भिक्खूलाही औषध वर्ज्य नाही. स्वतः तथागतांनी वैद्य जीवकाकडून उपचार घेतले. मग संसारी उपासकाने संकोच का बाळगावा?

ध्यानाचे स्थान नाकारण्याचे कारण नाही. श्वासाकडे व विचारांकडे सजगतेने पाहण्याचा अभ्यास आणि विचारांची तपासणी यांचा मेळ घालणारी एक पद्धत सीगल, विल्यम्स आणि टीझडेल यांनी सिद्ध केली. नैराश्य वारंवार उलटणाऱ्या रुग्णांत, विशेषतः तीन किंवा अधिक वेळा आजार झालेल्यांत, ते पुन्हा उलटू नये यासाठी ती उपयोगी ठरली. म्हणजे ध्यानाचा मुख्य उपयोग सावरलेले मन सांभाळण्यात आहे. तीव्र आजारात, दहा दिवस मौनात एकटे बसणे त्रासदायकही होऊ शकते. विपश्यनेची केंद्रेदेखील गंभीर मानसिक विकार असणाऱ्यांना शिबिराची शिफारस करीत नाहीत आणि अर्जात आजाराची माहिती मागतात. ती लपवू नये. औषध, समुपदेशन, ध्यान यांत एकच निवडा असा आग्रह धरणे हेही एक टोकच होय. मध्यम मार्ग येथेही लागू आहे.

अन्यायाचे काय?

आपल्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही. आडनाव कळताच बदलणारी नजर, गुणवत्तेवर घेतली जाणारी शंका, जेवणाच्या टेबलावरचे एकटेपण यांचे घाव मनावरच पडतात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी थोरात समितीने २००७ साली अहवाल दिला, तोही हेच सांगतो. अशा वेळी विद्यार्थ्याला केवळ गोळी देऊन परत त्याच खोलीत पाठविणे हा न्याय नव्हे. पण आजाराचे मूळ समाजात आहे म्हणून त्याला औषधावाचून ठेवणे, हेही क्रौर्यच. दंगलीत डोके फुटलेल्याची जखम आपण आधी शिवतो आणि मग फिर्यादही नोंदवितो. येथेही दोन्ही कामे करावयाची आहेत.

आपण काय करावे?

उपदेश कमी करावा, ऐकून अधिक घ्यावे. “तुला काय कमी आहे?” असे न विचारता “किती दिवसांपासून असे वाटते?” असे विचारावे. जगणे नकोसे वाटते काय, हेही शांतपणे, थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलण्यास वाट मिळते. होकार आल्यास त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, शेतीची औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची सेवा मिळते. ‘वेड्यांच्या दवाखान्यात’ जाण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. नैराश्याचे बहुतेक रुग्ण बाह्यरुग्ण विभागातच उपचार घेऊन घरी जातात. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते. मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच हा कायदा गृहीत धरतो. तिला उपचार व पुनर्वसन देणे हे शासनाचे कर्तव्य ठरवितो. हक्क मागण्याची सवय असलेल्या समाजाने हाही हक्क मागावा.

अतिसाराने लोळत पडलेल्या एका भिक्खूकडे कोणी पाहत नव्हते, तेव्हा तथागतांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, पुसले, निजविले, आणि रुग्णाची सेवा ही माझीच सेवा होय, असे संघाला समजाविले. तो भिक्खू का आजारी पडला, त्याची इच्छाशक्ती कमी पडली काय, याची चौकशी त्यांनी प्रथम केली नाही.

आता आमच्या वसतिगृहात सकाळच्या वंदनेला एखादे अंथरूण रिकामे झाले नाही, की आम्ही आधी त्या खाटेपाशी जाऊन बसतो. काही मुलांना ताप असतो, काहींना खरोखर आळस असतो. क्वचित एखादा उशीत तोंड खुपसून म्हणतो, “सर, उठता येत नाही.” त्याला आम्ही सांगतो, की बाळा, ठीक आहे, आपण मिळून पाहू. हे वाक्य शिकण्यास आम्हांला वीस वर्षे लागली. आपल्याला तितकी लागू नयेत.

जयभीम! नमो बुद्धाय!